एका चुलीवर दोन कमळा

“साहेब, सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाय, पन ह्या कमळीनं वाघाच्या थोबाडीत मारलेली मी बघितलीय,” असं म्हणून पांडूआबांनी आपली काठी मंडळ अधिकाऱ्यांच्या टेबलावर आडवी ठेवली. “वाघ शरमेनं कशेडीचा घाट उतरून गेला, तो परत फिरकला नाय.”

चावडीत हशा पिकला. मंडळ अधिकाऱ्यांनी काठी उचलून भिंतीला टेकवली.

“आजोबा, वाघाचं राहू द्या. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव आहे कमळा. ह्या बाईंच्या आधारकार्डावर आहे ठमाबाई. नाव बदललं म्हणून कुणाचा हक्क जात नाही. पण दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, हे मला दिसायला हवं.”

“एकाच बाईची नाहीतच, सर,” अनिल म्हणाला. तो मुंबईहून मुद्दाम या सुनावणीसाठी आला होता आणि बूट न काढताच आत बसला होता. “कमळा माझी आत्या. लग्न होऊन गेली ती गेलीच. मी तिला कधी पाहिलेलंसुद्धा नाही. ह्या बाई माझ्या आजोबांच्या लांबच्या नात्यातल्या. दया म्हणून घर बांधू दिलं.”

ज्या घराबद्दल तो बोलत होता ते ओढ्याकाठच्या पट्टीत होतं, आणि ती पट्टी त्यानं एका फार्महाऊसवाल्याला दाखवलीही होती. वाडीतली माणसं दाराशी उभी होती, पण निम्म्यांची पोरं अनिलनं मुंबईत कामाला लावलेली. सगळ्यांना एकदम छपराची कौलं बघण्यासारखी वाटू लागली. कमळीचं लग्न आठवणारे एकटे पांडूआबा उरले होते, आणि आबांनी वेळ सांगितली तरी लोक घड्याळ बघून घेत.

ठमाबाई उंबऱ्याला टेकून बसली होती. डावा हात पदराखाली.

“बाई, तुम्ही सांगा,” मंडळ अधिकारी म्हणाले.

“काय सांगू? एक नाव बापानं ठेवलं. सासरी थोरली जाऊ कमळाच व्हती. एका चुलीवर दोन कमळा नकोत म्हनून नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं दुसरं काढलं. मला कुठं वाचता येतंय? सासूनं हाक मारली तेव्हा समजलं, मी ठमा झाले. मालक गेले, मी म्हायेरी आले. दोनातलं एक पन नाव मी मागितलं नव्हतं. आन जमीन मागायलाबी मी आले नाय. ती माझी हाय.”

“शाळेचा दाखला? लग्नाची पत्रिका?”

“आमच्या वेळेला पत्रिका म्हंजे सुपारी, साहेब,” आबा मध्येच म्हणाले. “ती लोकांनी खाल्ली.”

पुन्हा हसू. मंडळ अधिकारी मात्र हसले नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि ते काढायचं की नाही, अशा विचारात बसले.

आबा उंबऱ्यापाशी गेले, वाकले.

“कमळे, हात दाखव त्यांना.”

तिनं पदर आणखी घट्ट ओढला. “तो जमिनीसाठी नाय भाजला.”

“गो, घर जाईल.”

“जाऊ दे. त्याची किंमत लावायची नाय.”

अनिल खिडकीबाहेर बघत होता. आबांनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि ते परत टेबलापाशी आले.

“साहेब, माझी चूक झाली. अनिलशेटचंच खरं. ही कमळी नव्हंच. कमळी पळूनच गेली. का पळाली, तेवढं लिवून घ्या.”

ठमाबाईनं मान वर केली.

“हा अन्या तेव्हा एवढासा. अंगणात भात उकडायला ठेवलेला, हा मोठा हंडा. पोर खेळत खेळत चुलीपाशी गेलं आन हंडा कलंडला. कमळी हाताच्या अंतरावर. पन तिनं काय करावं? किंचाळली, कुंपनावरून उडी टाकली आन सुटली. मी तेव्हा पार लांब दासगावला नदीत गळ टाकून बसलेला. किंचाळी ऐकली आन तिथनं जो धावलो, तो पानी अजून हवेत हाय तोवर पोचलो. सगळं उकळतं पानी टोपीत झेललं. एक थेंब सांडू दिला नाय.”

ह्या खेपेला कुणी हसलं नाही. अनिलचं खिडकीबाहेर बघणं थांबलं होतं.

“आबा, काहीही बोलू नका,” तो म्हणाला.

“काहीही कसं? तू तर तिला बघितलंच नाय. मी बघितलीय. भेकड बाई, साहेब. सख्ख्या भावाचं पोर भाजायला टाकून गेली. पोराचं काय झालं ते विचारायला पन आली नाय. असल्या बाईला कशाला हवी जमीन? खोडा ते नाव. लिवा, कमळा भेकड व्हती.”

मंडळ अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“खोटं आहे ते,” अनिल म्हणाला. तो उभा राहिला होता. “तुम्ही नव्हतातच तिथं. कुणीच नव्हतं. कमळाआत्या पळाली नाय. ती माझ्यावर आडवी पडली, अख्खा हंडा हातावर घेतला तिनं. हात बांधलेला होता तरी दुसऱ्या हातानं मला भरवायची. खोटं वाटतं तर तो पदर बाजूला करा ना तिचा.”

आणि त्याचं बोट उंबऱ्याकडे होतं.