गप्प बसण्याचं बिस्कीट

टिप्या मूळचा आमच्या खांब गावचाच. सरूकाकीच्या पडवीत जन्मला आणि पिल्लू असतानाच काकीचा नितेश त्याला ठाण्याला, बाराव्या मजल्यावर घेऊन गेला. गावच्या कुत्र्याला लिफ्ट काय ठाऊक? तिचं दार वाजलं की हा भुंकायचा. सोसायटीत तक्रारी झाल्या. मग नितेश आणि त्याची बायको मनाली यांनी त्याला शिकवलं. ओठांवर बोट ठेवायचं, टिप्या गप्प बसला की बिस्कीट द्यायचं. कुत्रं हुशार, वर्षभरात भुंकणंच विसरलं. काही दिसलं की गप्प बसून पुढचा पाय उचलायचं. सोसायटीवाले त्याला गुणी म्हणायचे, आम्ही 'साहेब' म्हणून चिडवायचो.

या माघात दोघं त्याला घेऊन पोपटीसाठी गावी आले. मडक्यात भाजायला वालाच्या शेंगा ताज्याच हव्यात, म्हणून काकी दुपारीच शेतावर गेली. टिप्या तिच्या मागोमाग. इकडे आम्ही भांबुर्ड्याचा पाला आणला, मडकं धुतलं, गप्पांना ऊत आला. उन्हं कलली तरी काकीचा पत्ता नाही. माझी बायको म्हणाली, जरा बघून तरी या.

"टिप्या हाय ना तिच्यासंगती," नितेश म्हणाला. "काय झालं तर भुंकंल की."

आम्हा सगळ्यांना ते पटलं. गावात असंच चालत आलंय. शेतावर कुत्रं भुंकलं की माणसं धावतात, नाही भुंकलं की सगळं ठीक. हा कुत्रा आता भुंकत नाही, हे त्या वेळी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. ज्याने शिकवलं त्याच्याही नाही.

शेवटी दिवेलागणीला आम्ही गेलो. काकी बांधाखाली पडली होती. पाय घसरून डोकं दगडावर आपटलं होतं, शेंगांची पाटी बाजूला कलंडलेली. टिप्या तिच्या उशाशी ताठ बसला होता. नितेशला पाहून त्याने पुढचा पाय उचलला.

तिला गाडीत घालून रोह्याला निघालो. कोलाडपर्यंत धुगधुगी होती. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. नितेशच्या कानाखाली दोन द्याव्यात असं मला वाटलं, पण तो बोलला तेव्हा मानही मीच डोलावली होती. आता कुणावर रागवायचं?

तेराव्याला माणसांची ये-जा चालली होती. आळीतली कुत्री परक्या माणसांवर भुंकून दमली. टिप्या ओट्यावर गप्प. नितेश त्याच्यापुढे उकिडवा बसला आणि त्याने टिप्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"भुंक ना रे," तो म्हणाला. "एकदा तरी भुंक."

टिप्या आणखी ताठ बसला आणि बिस्किटासाठी त्याने पाय उचलला.