पुठ्ठ्यावरची गल्ली

मी पुठ्ठ्याचा आहे, पण मला हलक्यात घेऊ नका. आज इथे सुतारांची जी नवी वस्ती उभी आहे, ती आधी माझ्या अंगावर उभी राहिली. मी त्या वस्तीचा नमुना बोलतोय.

माझा जन्म एका आर्किटेक्टबाईंच्या टेबलावर झाला. जुनी बैठी गल्ली पाडायची आणि तिथे दोन उंच इमारती, मध्ये हिरवळ, भोवती कुंपण, असा बेत होता. मी दिसायला देखणा होतो आणि मला ते ठाऊकही होतं!

बाईंनी मला गल्लीत नेलं. तिथल्या सुतार मिस्त्रींच्या कारखान्यात, भुसा झटकून बाकावर ठेवलं. "छान आहे हो," सगळे म्हणाले. खुर्च्या विणणाऱ्या म्हाताऱ्या काकू मात्र वाकून बघतच राहिल्या.

"बाई, यात मी कुठे बसू?"

"सहाव्या मजल्यावर, काकू. लिफ्ट आहे ना!"

"अगं, राहायचं नाही विचारत. मी दारात बसून विणते, म्हणून जाणारायेणारा काम देतो. सहाव्या मजल्यावर काय कावळा येणार आहे खुर्ची घेऊन?"

हशा पिकला. बाईंचा चेहरा मात्र उतरला, आणि माझाही.

"आणि फळ्या आत कुठून न्यायच्या?" मिस्त्रींनी माझ्या कुंपणावर बोट ठेवलं.

 बाईंनी पिशवीतून सुरी काढली. "सांगा, कुठे कापू?"

संध्याकाळपर्यंत माझं कुंपण गेलं आणि मजले तीनवर आले. घरं मधल्या हिरवळीवर पसरली आणि उरलेल्या तुकड्यांची घरामागची अंगणं झाली. खाली कारखाने आले, त्यांना रुंद दारं आणि दारापुढे ओटे. एक दार तर काकूंनीच कापलं, चांगलंच वाकडं.

वस्ती बांधून घेणारे साहेब मला बघून भडकले. "हे काय भंगार आणलंत?"

"घरं मोजा, साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या. "एकही कमी झालेलं नाही."

साहेबांनी दोनदा मोजली. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "ओटे जरा रुंद करा."

आता मी मिस्त्रींच्या कारखान्यात, त्यांनीच केलेल्या काचेच्या पेटीत असतो. परवा एक पाहुणे म्हणाले, "याला नवा पुठ्ठा लावून नीट करा की." कृपा करून तसं करू नका. हे काप माझे दागिने आहेत.

आणि तुमच्या गल्लीत कुणी नमुना घेऊन आलं, तर बिनधास्त सुरी मागा. आम्हा पुठ्ठ्यांना कापलेलं दुखत नाही. भिंती उभ्या राहिल्या की मग सुरी चालत नाही.