हिरवा जिना

विद्यापीठाला अधूनमधून समाजाची आठवण येते, आणि समाज म्हणजे आमची गल्ली, कारण ती फाटकासमोरच आहे. यंदाही ‘जबाबदार नागरिकत्व’ या विषयाचे विद्यार्थी आले. सगळ्यांच्या अंगात एकसारखे टीशर्ट, चेहऱ्यावर एकसारखी कळकळ.

“काकू, तुमची गरज काय?” त्यांनी माझ्या इस्त्रीच्या दुकानात शिरून विचारलं.

मी जिन्याकडे बोट दाखवलं. कठडा तुटल्यापासून सासूबाई वरच अडकल्या होत्या. जन्मभर या दुकानात घड्या घातल्या, आणि आता खिडकीतून ओरडून माझ्या चुका काढत होत्या. त्यांना खाली यायचं होतं, एवढंच. मलाही त्या खाली हव्या होत्या, खोटं कशाला बोलू.

विद्यार्थ्यांनी माना डोलावल्या, सरांशी सल्लामसलत केली आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक पायरीवर एक कुंडी ठेवून गेले. यंदाच्या उपक्रमाचा विषय पर्यावरण होता. आधी सासूबाईंना धरायला काही नव्हतं, आता पाय ठेवायलाही जागा उरली नाही. सरांनी हिरव्या जिन्याचे फोटो काढले. खिडकीतून हात हलवणाऱ्या सासूबाईंचाही काढला. त्या खरं तर कुंड्या हटवा म्हणत होत्या.

त्यांच्यातली एक चष्मेवाली मात्र मागे रेंगाळली.

“आजींना रेलिंग हवं होतं ना?” तिने विचारलं.

एवढं शिकूनही हिला ऐकू येत होतं, याचं मला नवल वाटलं.

रविवारी ती आपल्या वेल्डर मामाला घेऊन आली. मामाने कठडा बसवला, तिने कुंड्या एकेक करून गच्चीवर नेल्या. संध्याकाळी सासूबाई कठडा घट्ट धरून खाली उतरल्या, काउंटरमागे बसल्या आणि मी घातलेली पहिलीच घडी मोडून म्हणाल्या, “ही काय घडी आहे?” माझे डोळे भरून आले. दोष मी इस्त्रीच्या वाफेला दिला.

मग सर गुण द्यायला आले.

“झाडं कुठायत?”

“गच्चीवर, सर. जिन्यावरून आजी जातात-येतात,” चष्मेवाली म्हणाली.

“पण आपला उपक्रम जिन्याचा होता,” सर फार दुःखाने म्हणाले.

निकालाच्या दिवशी ती दुकानात आली. “काकू, मी नापास झाले. जबाबदार नागरिकत्वात.”

माझं डोकंच फिरलं. “पाठव तुझ्या सरांना इकडे. चांगली इस्त्री करते त्यांची.”

सासूबाईंनी घडी घालता घालता विचारलं, “मग आता काय?”

“पुढच्या वर्षी सगळं पुन्हा करायचं, आजी.”

“बरं झालं,” सासूबाई म्हणाल्या. “शेजारच्या जिन्यालाही कठडा नाही. मामाला सांगून ठेव.”