वॉशरचा डबा

त्या गाडीचा विषय निघाला की अजून माझं डोकं फिरतं. गाडीवर नाही, स्वतःवर.

मी निंबा मिस्त्री. शिरपूरला आग्रा रोडवर माझं गॅरेज. गोष्ट सत्त्याण्णव सालची. आमच्याकडच्या एका ट्रस्टला परदेशातल्या दानशूर मंडळींनी दोन वापरलेले ट्रक पाठवले होते, डाव्या हाताला स्टिअरिंग असलेले. कंपनी एक, वर्ष एक. फरक एवढाच की एकाला हाताचे गिअर होते आणि दुसऱ्यात ते आपोआप पडायचे. सातपुड्यातल्या वरच्या पाड्यांवर नाले ओलांडत चढणारी वाहनं म्हणजे ही दोनच. जीप अर्ध्या वाटेतच हात टेकायची. ट्रस्टच्या नर्स लताबाई ट्रकमधून औषधं वर न्यायच्या आणि अडलेल्या बायका खाली आणायच्या. ड्रायव्हर अन्वर.

आधी हाताच्या गिअरची गाडी नाल्यात उलटली. चासी वाकली, इंजिन फुटलं. मग पौषात दुसरीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला. धुळे-जळगावात कुणी त्याला हात लावेना, म्हणून मी लावला. उलटलेल्या गाडीचा गिअरबॉक्स शाबूत होता. तो क्लच-पेडलसकट काढला आणि हिच्यात बसवला. पंधरा दिवसांत गाडी रस्त्यावर आली तेव्हा माझी छाती अशी फुगली, की बायकोने सदऱ्याची बटणं शिल्लक आहेत का ते विचारलं.

त्या मोडक्या गाडीच्या डॅशबोर्डखाली एक छानसा ॲल्युमिनियमचा डबा निघाला होता. जेवणाच्या डब्याएवढा, चार स्क्रूंचा. आत हिरवी पाटी, रेडिओत असते तशी. इंजिनच फुटलंय तर हिचा काय उपयोग, म्हणून पाटी उपटून टाकली आणि डब्यात वॉशर भरले. चांगला डबा दिसला की त्यात नटबोल्ट भरायचे ही आम्हा मिस्त्री लोकांची खोडच. माझ्या फळीवर डालड्याचे, ऑइलचे, बिस्किटांचे मिळून वीसएक डबे असतील. उरलेला सांगाडा ट्रस्टने भंगारात दिला.

त्याच सुमारास लताबाई एक गोष्ट बोलल्या. वरच्या पाड्यावरच्या वना नावाच्या माणसाची बायको पोटुशी होती. मूल आडवं होतं आणि दिवस आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, लगेच भरत होते. तोवर फिरलं नाही तर तिला धुळ्याला न्यायलाच हवं, घरी बाळंतपण झालं तर काही खरं नाही. तिला चालता येतंय तोवर खाली आणून ठेवू का, असं त्यांनी विचारलं. मी शहाणा. म्हणालो, "पोटुशीला डोंगर कशाला उतरवता, बाई? गाडी आणेल तिला. माझा शब्द आहे." तो शब्द लताबाईंनी वर पोचवला, आणि ती घरीच थांबली.

गाडी सपाटीवर मस्त पळायची. पण वेग कमी करायला क्लच दाबला की इंजिन गप्प. सपाटीवर पुन्हा किल्ली फिरवता येते. घाटात वळणावर इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग दगड होतं आणि ब्रेकवर उभं राहावं लागतं. अन्वरने दोनदा गाडी वर न्यायचा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी ती मागे घसरत आली आणि मागचं चाक दरीच्या काठावर अडलं. त्याने परत येऊन किल्ली माझ्या हातात ठेवली आणि पोराबाळांचा बाप आहे मी, एवढंच बोलला. अन्वर भित्रा नव्हता.

मी प्लग बदलले, नळ्या साफ केल्या, एकेक वायर तपासली. कार्बोरेटर असता तर एक स्क्रू फिरवून भागलं असतं, पण या बयेला कार्बोरेटरच नव्हता. ट्रस्टच्या डॉक्टरांनी परदेशी पत्र टाकलं. उत्तराची वाट बघत मी रोज गाडीखाली शिरायचो, काहीतरी खोलायचो, पुन्हा बसवायचो. वॉशर लागला की फळीवरच्या त्या डब्यात हात घालायचो.

आखाजीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी वना गॅरेजसमोर येऊन बसला. रात्रभर चालून आला होता. बायकोच्या पायांवर सूज चढली होती, कळा अजून नव्हत्या. गाडी कधी येणार, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी त्याला चहा दिला.

तेवढ्यात लताबाई जवळजवळ पळतच आल्या. हातात पत्र. त्या वाचून मराठीत सांगत गेल्या. गिअरबॉक्स बदललात ते ठीक, पण या गाडीचं इंजिन एक कॉम्प्युटर चालवतो. तुमच्या गाडीतला ऑटोमॅटिक गिअरसाठी आहे, तो अजून त्याच गिअरच्या हिशेबाने इंजिन चालवतो, म्हणून ती बंद पडते. दुसऱ्या गाडीतला कॉम्प्युटर काढून हिच्यात लावा. वायरी जोडायचे प्लग तेच, दहा मिनिटांचं काम. डॅशबोर्डखाली ॲल्युमिनियमचा डबा आहे, त्यावरच्या नंबरच्या शेवटी सात चार सात.

दहा मिनिटं. लताबाई हसत होत्या. वनाला सगळं कळलं नव्हतं, पण त्यांचं हसू बघून तो उठून उभा राहिला.

मला फळीकडे बघायची गरज नव्हती. चार महिने रोज तो आकडा डोळ्यांसमोर होता. तरी मी डबा खाली घेतला, वॉशर जमिनीवर ओतले आणि डबा लताबाईंपुढे धरला. त्यांनी नंबर वाचला, मग आत पाहिलं. आतली पाटी कुठे आहे, असं त्यांनी हळूच विचारलं.

"होळीत गेली," मी म्हणालो. "चिंध्यांबरोबर."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टुलावर बसल्या आणि पत्राची घडी घालत राहिल्या. नवा डबा मागवायचा तर पुन्हा दोन महिने. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. हातात पाना होता आणि करण्यासारखं काहीच नव्हतं.

वनाने रिकाम्या डब्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "मिस्तरी, तुमनाजोडे दोर शे का?"

झोळी करून चार माणसांनी तिला खाली आणायची, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. गाड्या ओढायचा माझा नवा दोर मी त्याला दिला. लताबाई पिशवी घेऊन त्याच्याबरोबर निघाल्या. अन्वर त्यांना जीपने पायथ्याशी सोडून, तिला पुढे धुळ्याला न्यायला तिथेच थांबला.

अकराव्या दिवशी वना परत आला. दोर धुतलेला होता, नीट गुंडाळलेला. तो त्याने फळीखाली ठेवला.

"बाई वाची गई," तो म्हणाला. "पोर नही."

त्याने कोपऱ्यात उभ्या असलेल्या ट्रककडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "गाडी नीट व्हयनी का?"