भेटीची वेळ टळल्यावर

"वाका, मावशी. डोकं आपटेल," सिस्टर म्हणाल्या.

"इतक्या वर्षांत कधी आपटलंय का?" म्हणत मावशी फाटकातल्या छोट्या दारातून वाकून बाहेर पडल्या.

मनोरुग्णालयाचं मोठं फाटक फक्त भेटीला येणाऱ्यांसाठी उघडत असे. बाकी सगळ्यांची ये-जा या दारातून. मावशी आत धुलाईघरात इस्त्री करत. त्या बऱ्या झाल्याचं डॉक्टरांनी केव्हाच लिहून दिलं होतं. पण घरच्यांनी येऊन न्यावं, असा नियम होता आणि भाऊ घर बदलून कुठे गेला, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मावशी बऱ्या होऊन पेशंटच राहिल्या.

कामासाठी मात्र पेशंटला कर्मचाऱ्याबरोबर बाहेर नेता येत असे. सिस्टरांनी वॉर्डातल्या झग्यांसाठी बटणं आणायचं काम काढलं. बाहेर जाताना झगाच घालावा, असं नियमात कुठे नव्हतं. म्हणून आज मावशींच्या अंगावर सिस्टरांचा निळा ड्रेस होता, मावशींनी स्वतःच कडक इस्त्री केलेला.

"लोक बघतायत का हो माझ्याकडे?" रस्त्यात त्यांनी विचारलं.

"कोणी ढुंकूनही बघत नाहीये."

"हो ना?" मावशी खुदकन हसल्या. "काय बरं वाटतंय!"

बटणांच्या दुकानात गर्दी होती. "जा तुम्ही. मी बसते पायरीवर," मावशी म्हणाल्या. "पळून जायला घर तरी हवं ना!"

सिस्टर बाहेर आल्या, तर पायरी रिकामी.

नोकरी गेली, हे आधी मनात आलं. मग त्याचीच लाज वाटली. बसथांबा पाहिला, औषधाचं दुकान पाहिलं, शेवटी धापा टाकत त्या फाटकाशी परतल्या.

बाहेर पाहुण्यांच्या बाकावर मावशी ताठ बसल्या होत्या, हातात पाण्याचा ग्लास. मधल्या वेळात पाळी बदलली होती. कामावर नव्यानेच लागलेला पहारेकरी वैतागला होता.

"सिस्टर, या बाईंना जरा समजावून सांगा. भेटीची वेळ टळून गेली, तरी हलत नाहीत. तुमच्या त्या इस्त्रीवाल्या मावशींना भेटायचंय म्हणे. कोण लागता विचारलं, तर म्हणतात, घरचीच आहे."

सिस्टरांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी नजर वळवली नाही.

घरच्यांनी येऊन न्यावं, एवढंच नियमात होतं. क्षणभर सिस्टरांच्या मनात काहीतरी आलं. मग स्वतःच्या दोन खोल्या आठवल्या, आणि त्यात आधीच दाटीवाटीनं राहणारी माणसं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "घरच्याच आहेत."

"मग इतके दिवस कुठे होतात, बाई?" पहारेकरी बोललाच. "ती बिचारी रोज भेटीच्या वेळी खिडकीला चिकटून असते म्हणतात."

"माहितीये मला," मावशी म्हणाल्या. "पण निघताच आलं नाही हो."

पहारेकरी सिस्टरांकडे वळला.

"माझ्या जबाबदारीवर सोडा यांना आत," सिस्टर म्हणाल्या.

त्यानं छोट्या दाराकडे हात नेला, थांबला, आणि पाहुण्या बाई म्हणून मोठ्या फाटकाची कडी काढली. दोन्ही दारं सताड उघडली.

मावशींनी ग्लास बाकावर ठेवला, ड्रेस सारखा केला आणि आत शिरताना सवयीनं वाकल्या.