काळ्या कानांचे संस्थापक

आमच्या बाप्टिस्ट मंडळीचा पंचाहत्तरावा वाढदिवस उद्यावर आला होता आणि मी व्यासपीठाखालच्या हौदात उतरून शेवाळ घासत होते. बाप्तिस्म्याचा हौद! एरवी त्यावर फळ्या असतात आणि फळ्यांवर पाळकसाहेबांची खुर्ची. कुणाला डोक्यासकट बुडवायचं असलं, की फळ्या निघतात.

मंडळीचा इतिहास लिहिला मी. अख्खा. वाचणार मात्र काका, कारण आमच्या व्यासपीठावरून बाईमाणूस बोलत नाही.

"म्हणजे रांधायचं मी आणि ढेकर तुम्ही द्यायचा?" मी हौदातून ओरडले.

"नियम आहे. घास मुकाट्याने," म्हणत काकांनी चष्मा चढवला आणि सराव सुरू केला. "आमचे संस्थापक, पेशाने रंगारी, यांना एका फिरत्या उपदेशकाने नदीत बाप्तिस्मा दिला..."

"कुठली नदी?" पहिल्या बाकावर फुलांचे देठ कापत बसलेली आत्याआजी म्हणाली. ती संस्थापकांची मुलगी, त्यामुळे तिला गप्प कोण करणार! "तो उपदेशक आलाच नाही. बाबा वाट बघून कंटाळले. गावात बाप्तिस्मा झालेलं माणूस एकच, माझी आई. तिचा माहेरी झाला होता. तिनेच बुडवलं त्यांना, बाबांच्या कारखान्यात, कापड रंगवायच्या पिंपात. टॉवेल धरून मी उभी होते."

मी ब्रश टाकून हौदातून डोकं वर काढलं.

"काहीतरीच काय, आत्या!" काका किंचाळलेच.

"पिंप धुतलं होतं रे, पण तळाशी काळा रंग राहिला. पाप धुवायला उतरले आणि काळे होऊन वर आले! कानांचा रंग तर किती दिवस निघेना. फोटो बघ की."

दारावरच्या फोटोत, स्थापनेच्या दिवशी, संस्थापकांचे, म्हणजे माझ्या पणजोबांचे, दोन्ही कान काळेकुट्ट. आजवर आम्ही त्याला ओल समजत होतो. बरोब्बर दोन कानांवर आलेली ओल!

"अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"विचारलं कुणी? तूसुद्धा इतिहास विचारलास तो काकाला."

काकांनी चष्मा उतरवला. "बाईने दिलेला बाप्तिस्मा आपण मानत नाही. म्हणजे आजोबांचा झालाच नाही. आणि मला तर आजोबांनीच बुडवलं!"

"हौद स्वच्छ आहे," मी म्हटलं. "लावा रांग. सगळेच पुन्हा!"

इतका वेळ दारात थिजलेले पाळकसाहेब स्टुलावर चढले आणि फोटोची काच अंगठ्याने खसाखसा पुसली. कान काळे ते काळेच. उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक. काकांच्या हातातले कागद काढून त्यांनी हौदाच्या काठावर ठेवले.

"उद्या तू वाच. इथूनच, व्यासपीठावरून."

"आणि पिंप?"

त्यांनी पुन्हा एकदा फोटोकडे बघितलं. "पिंपही वाच."

"आणि नुसतं 'पत्नी' नको लिहूस," आत्याआजीची कात्री थांबली. "माझ्या आईचं नाव घाल."

मी ओल्या हातानेच पेन मागितलं.