पहिल्या पानावरची मिशी

या, बसा. कोट काढून ठेवा, भट्टी पेटलीय. एका पानाची गोष्ट सांगतो तुम्हाला. एकच पान, तेही एका बाजूनं लिहिलेलं. पण त्या पानानं एका माणसाची तीन वर्षं खाल्ली आणि एका बाईचं जेवणाचं टेबल. हसू नका, खरं आहे.

माणूस म्हणजे ओट्मार. द्रावा नदीकाठच्या आमच्या स्तारी ब्रोद गावचा. जन्मभर धरणावर फिटर, हात असे फावड्यासारखे. पण त्याच हातात चिमटा धरून टपालाचं तिकीट उचलायला लागला की वाटायचं, तान्ह्या पोराचं नाक पुसतोय. गावात पूल नव्हता तेव्हा नदी तराफ्यावरनं ओलांडायची आणि टपाल कचेरी त्या तराफ्याच्या धक्क्यावरच होती. पूल झाला, तराफा गेला, कचेरीही गेली. त्या कचेरीतनं गेलेली पाकिटं ओट्मारनं चाळीस वर्षं हुडकली. ऐंशी पानांवर ती बसवली, प्रत्येकाखाली दोन ओळी टाइप केल्या, पाच मोठ्या फ्रेमा भरल्या आणि मारिबोर शहरात टपाल-तिकिटांच्या देशभरच्या प्रदर्शनात नेऊन टांगल्या.

शंभरात मार्क पडले चौऱ्याहत्तर.

पुढच्या वर्षी नवी पाकिटं घातली. चौऱ्याहत्तर. तिसऱ्या वर्षी सगळी पानं नव्यानं टाइप केली, महागडा कागद आणला. चौऱ्याहत्तर! पंचाहत्तर पडले की परदेशातल्या मोठ्या प्रदर्शनाचं दार उघडतं. चौऱ्याहत्तरला मिळतं एक पदक आणि लाडवासारख्या कडक बिस्किटांचा पुडा.

तिसऱ्या वर्षी त्यानं परीक्षक बाईंना फ्रेमांपाशीच गाठलं. ब्रेगारबाई म्हणून होत्या, सपाट बूट, गळ्यात भिंग. "बाई, एक मार्क कुठं सांडतो माझा?"

"पहिल्या पानावर," त्या म्हणाल्या. "तुमचं पहिलं पान आम्हाला महिनाभर आधी घरी येतं. मी ते दोनदा वाचलं. तुमच्या आजोबांची मिशी कशी होती ते मला आता पाठ आहे. पण इथं येऊन बघायचं काय, ते काही कळलं नाही."

"पण बघितल्यावर कळतंच की!"

"ओट्मारजी, पाच फ्रेमांना मला वीस मिनिटं मिळतात. आणि माझे गुडघे तुमच्याइतकेच जुने आहेत."

हे त्यानं घरी येऊन बायकोला, झोफ्काला, सांगितलं. आजोबांच्या मिशीचा अपमान झाला म्हणून सांगितलं. झोफ्का बटाटे सोलत होती. गुडघ्यावर पातेलं घेऊन, कारण टेबलावर जागा नव्हती. चार वर्षं त्या घरातलं जेवणाचं टेबल पाकिटांखाली होतं. रविवारी लेक-जावई आले की सहा माणसं स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून, एकमेकांच्या बरगडीत कोपर मारत सूप प्यायची.

झोफ्कानं सुरी खाली ठेवली. "हे बघ, एकच वर्ष अजून. पंचाहत्तर आले तर टेबल तुझं, मी जन्मात तोंड उघडणार नाही. नाही आले तर पसारा माळ्यावर, आणि पुन्हा चिमट्याला हात लावायचा नाही. बोल."

आता चौऱ्याहत्तरवाल्यानं अशी पैज घ्यावी का? पण फिटर माणूस. हात पुढं केला. बटाट्याच्या चिकानं माखलेला हात हातात आला आणि पैज लागली.

मग हिवाळाभर ओट्मार एक पान लिहीत बसला. पहिला मसुदा आजोबांपासून सुरू झाला. दुसरा नदीपासून. तिसऱ्यात त्यानं लिहिलं, 'मी हे नम्रपणे सादर करतो', आणि नम्रपणाला तब्बल नऊ ओळी दिल्या. शेजारचा फेलिक्स सल्ला द्यायला यायचा. निवृत्त औषधवाला, तिकिटांच्या मंडळाचा चिटणीस, त्याचे स्वतःचे मार्क त्र्याहत्तर. पण सल्ला देताना चेहरा पंचाण्णववाल्याचा.

"शब्द जड पाहिजेत," फेलिक्स म्हणायचा. "लिही, 'सर्वांगीण, संपूर्ण आणि अभूतपूर्व मांडणी'. परीक्षकाला आधी दडपून टाकायचं."

"तुझे लोक औषधाची चिठ्ठी वाचून घाबरायचे तसं?" झोफ्का आतून ओरडली.

"झोफ्काताई, हे शास्त्र आहे."

"शास्त्राला त्र्याहत्तर पडलेत, ऐकलंय मी."

अकरावा मसुदा झाला तेव्हा ओट्मारनं पान तिच्यापुढं धरलं. खूश होता. वर ठळक अक्षरात, 'स्तारी ब्रोदचं टपाल, संपूर्ण इतिहास, १८७१ ते १९६३'. खाली आजोबा, मिशी, नदी, नम्रपणा, शेवटी मंडळाचे आभार.

झोफ्का एकतीस वर्षं धक्क्यावरच्या खाणावळीचं स्वयंपाकघर सांभाळून बसलेली बाई. तिकिटातलं तिला एवढंच कळायचं की ती ओल्या हातानं धरायची नाहीत. तिनं चष्मा लावला, पान वाचलं आणि सरळ फ्रेमांची पानं चाळायला लागली.

"१८७१चं पाकीट कुठाय?"

"ते... नाहीये. पहिल्या वर्षाचं कुणाकडंच नाहीये. मी तरी बघितलं नाही. माझं सगळ्यात जुनं १८७३चं."

"आणि दुसऱ्या महायुद्धानंतरची?"

"दोन कार्डं आहेत."

"मग १९६३ पर्यंत कशाला ताणलंस?"

"कचेरी तेव्हा बंद झाली ना! इतिहास पुरा नको?"

झोफ्कानं चष्मा काढला. "ओट्मार, मी रोज सकाळी दारातल्या पाटीवर खडूनं जेवण लिहायचे. पाटीवर बदक लिहिलं आणि आत बदक नसलं तर गिऱ्हाईक काय करतं? आतलं कोबीचं लोणचं कितीही फक्कड असू दे, त्याच्या डोक्यात बदकच. तुझ्या बाईंनी पाटी वाचली, बदक शोधलं, नाही सापडलं. एक मार्क गेला."

ओट्मारला पहिल्यांदाच काहीतरी कळत होतं, आणि ते बायकोकडून कळत होतं याचा त्रासही होत होता.

"आता सांग, तुझ्या स्वयंपाकघरात सगळ्यात चांगलं काय?"

तो जरा घुटमळला. मग पाचवी फ्रेम उघडली. सदुसष्टावं पान, पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात. एक मळकट, पाण्यानं सुरकुतलेलं पाकीट. त्यावर तिकीटच नाही, नुसता तिकिटाच्या आकाराचा फिकट चौकोन. १९०९ साली पुरात तराफा उलटला, टपालाची पिशवी नदीत गेली. दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर सापडली. पत्रं वाळवली आणि पुढं पाठवली. पाकिटावर शाईनं लिहिलेलं होतं, 'नदीतून काढलं. शेगडीवर वाळवलं. तिकीट वाहून गेलं, दंड घेऊ नये.'

झोफ्का बघतच राहिली. "हे सदुसष्टाव्या पानावर? कोपऱ्यात?"

"मुद्दामच ठेवलंय. परीक्षकाला स्वतःला सापडलं पाहिजे, दचकला पाहिजे. सिनेमात खुनी कोण ते पहिल्या मिनिटाला सांगतात का?"

"ती बाई सिनेमाला येत नाही रे बाबा! तिचे गुडघे दुखतात! तीन वर्षं ती तुझ्या खुन्यासमोरनं चालत गेली आणि तिला पत्ता नाही!" मग ती पाकिटावर वाकली. "हे अक्षर कुणाचं?"

"आजोबांचं. तेच होते तेव्हा कचेरीत. त्यांनीच रात्रभर वाळवली सगळी."

झोफ्कानं हातातला मसुदा वर धरला. "म्हणजे तू पहिल्या पानावर म्हाताऱ्याची मिशी लिहिलीस, मिशीचं मेण लिहिलंस, मेण कुठल्या गावचं तेही लिहिलंस. आणि त्यानं केलं काय, ते तेवढं राहिलं?"

ओट्मारनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मग अकरावा मसुदा भट्टीत टाकला.

बारावा तासाभरात झाला. वर, 'तराफ्यावरचं टपाल: स्तारी ब्रोद, १८७३ ते १९३९'. खाली साध्या वाक्यात, हे काय आहे, पत्रं नदी कशी ओलांडायची, त्यानं शिक्क्यांत आणि वेळेत काय फरक पडायचा, आणि कुठल्या फ्रेममध्ये काय बघायला मिळेल. नदीत बुडालेलं पाकीट सदुसष्टावरनं उचलून तिसऱ्या फ्रेमच्या मधोमध, डोळ्यांच्या उंचीवर आणलं. आणि पहिल्या पानावर लिहिलं की ते तिथं आहे, आणि पाकिटावरचं अक्षर तेव्हाच्या टपालवाल्याचं, माझ्या आजोबांचं आहे. मिशी गेली. ओट्मारनं ती वाचवायचा फार प्रयत्न केला, निदान अर्धी, पण झोफ्का हटली नाही.

शेवटी एक ओळ होती. 'कचेरीच्या पहिल्या दोन वर्षांचं एकही पाकीट मला मिळालेलं नाही.'

फेलिक्सनं ते वाचलं आणि त्याचा चहा नाकात गेला. "अरे, आपलं भोक आपणच दाखवतोस? झाकायचं असतं!"

"आम्ही पाटीवर लिहायचो, आज मासा नाही," झोफ्का म्हणाली. "कुणी उठून गेलं नाही. उलट म्हणायचे, हिनं मासा नाही म्हटलंय, म्हणजे बाकीचं ताजं असणार."

"या वेळी पन्नास पडणार," फेलिक्स म्हणाला आणि जाताना टेबलाकडं बघून गेला, जणू त्याची मापं घेत होता.

मारिबोरला झोफ्काही बरोबर आली. ओट्मार खांबाआड उभा राहिला. एवढा मोठा माणूस, दोन्ही बाजूंनी बाहेर दिसत होता. ब्रेगारबाई आल्या, हातात पहिल्या पानाची घडी. पहिल्या फ्रेमपाशी थांबल्या, दुसरीपाशी पाच मिनिटं थांबल्या, मग तिसरीपाशी आल्या आणि भिंग डोळ्याला लावून तशाच वाकून राहिल्या. ओट्मारला वाटलं, कंबर धरली बाईंची. पण त्यांनी हात वर करून दुसऱ्या दोन परीक्षकांना हाक मारली. तिघांची डोकी त्या मळक्या पाकिटावर एकत्र आली. एक परीक्षक मोठ्यानं वाचत होता, "शेगडीवर वाळवलं..."

संध्याकाळी यादी लागली. ओट्मारची नजर चौऱ्याहत्तरवरच जायची सवय झालेली. तिथं फेलिक्सचं नाव होतं. त्याचा एक मार्क वाढला होता. ओट्मार खाली बघत गेला, अगदी पन्नासपर्यंत. मग झोफ्कानं त्याची मान धरून वर केली. अठ्ठ्याहत्तर.

त्यानं भर हॉलमध्ये तिला उचललं. ती ओरडली, "सोड मेल्या, लोक बघतायत!" आणि खाली ठेवल्यावर एकदम गंभीर झाली.

"काय झालं?"

"माझ्याच तोंडानं," ती म्हणाली. "माझ्याच तोंडानं माझं टेबल घालवलं मी."

ओट्मारला इतकं हसू आलं की ब्रेगारबाई वळून बघायला लागल्या. त्याच हसत हसत जवळ आल्या. "परदेशात जाण्याआधी ते पहिल्या दोन वर्षांचं पाकीट मिळवा. तुम्हीच लिहिलंय नाही म्हणून. तिथंही तेच विचारतील."

तेव्हापासून टेबल रविवारी दुपारी बारा ते तीन रिकामं असतं. तेवढं झोफ्कानं पैजेबाहेर पदरात पाडून घेतलं. बाकी सहा दिवस सूप ओट्यावर. ती तोंड उघडत नाही, दिला शब्द पाळते. पण पातेली मात्र जोरात आपटते.

तर तुम्हाला एक सांगणं आहे. तुमच्याही घरी आजीच्या कपाटात, जुन्या बिस्किटाच्या डब्यात पत्रं असतील. त्यांच्यात कधी १८७१-७२चं, स्तारी ब्रोदच्या शिक्क्याचं पाकीट निघालं, तर कात्रीनं तिकीट कापून घेऊ नका. पाकीट आहे तसं, मळकं असलं तर मळकंच, ओट्मारकडं घेऊन या. फक्त रविवारी बारा ते तीन सोडून या.